आईचा फॉर्म मी भरला तेव्हा

माझ्या आईचा फॉर्म मी स्वतः भरला होता. चौतीस प्रश्न, चौतीस उत्तरं, खाली तारीख आणि माझी सही. त्यातलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं. ते कळायला मला चार महिने लागले, आणि कळलं तेही आईकडून नाही, गावातल्या रेशनच्या दुकानदाराकडून.

मी मुंबईतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात समाजसेवा विभागात काम करते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे गोळ्यांवरचे पेशंट वाढलेत. या नव्या गोळ्या केमोसारख्या सरसकट सगळ्या शरीरावर चाल करून जात नाहीत. कॅन्सरच्या पेशींमधली एखादी ठरावीक गोष्ट हेरून तिथेच काम करतात. सलाईन नाही, अ‍ॅडमिट होणं नाही, बहुतेकांचे केसही जात नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी यायचं, रक्त तपासायचं, डॉक्टरांना भेटायचं आणि गोळ्या घेऊन घरी जायचं. वॉर्डातल्या पेशंटची दिवसातून दहा जण विचारपूस करतात. या लोकांची कोणी करत नव्हतं, कारण ते आमच्या डोळ्यांसमोरच नसायचे. म्हणून आमच्या विभागाने त्यांच्यासाठी एक फॉर्म तयार केला. गेल्या महिन्याभरात तुम्हाला कशाकशात मदत लागली, ती मिळाली का, म्हणजे 'गरज भागली' की 'गरज भागली नाही', आणि नसेल तर किती अडलं, असे प्रश्न. दुखणं, झोप, जेवण, घरकाम, भीती, डॉक्टरांशी बोलणं, सगळं त्यात घेतलं. सगळं आलंय असं आम्हाला वाटलं होतं. तो फॉर्म बनवणाऱ्या चौघींपैकी मी एक.

फॉर्म छापून आला आणि त्याच सुमाराला आई गोळीवर आली.

आई अलिबागजवळ, चौलच्या पुढे आमच्या गावी राहते. वडील मुंबईत कंपनीत होते, महिन्यातून एकदा घरी यायचे. रिटायर होऊन गावी आले आणि तीन वर्षांत गेले. त्यामुळे भातशेती काय, गुरं काय, माझी शाळा काय, आईने कायम एकटीनेच निभावलं. शेजारच्या घरात माझी काकी, म्हणजे आईची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांत एकच भिंत. आईला लघवीतून रक्त गेलं म्हणून तपासणी केली, तर मूत्रपिंडात गाठ निघाली. एक मूत्रपिंड काढलं. वर्षभराने फुप्फुसात ठिपके दिसले, तेव्हा आमच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी लिहून दिली.

डॉक्टरांच्या खोलीत आईने ती गोळी तळहातावर घेऊन बघितली.

"येवढीशीच?" ती म्हणाली.

"एवढीशीच. पण रोज घ्यायची. चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाले.

"न्हाय चुकवनार."

तिला खरंच बरं वाटलं होतं. केमोचं तिने ऐकलेलं होतं, तिच्या माहेरच्या एकीला बघितलंही होतं. परत येताना मांडव्याच्या लाँचमध्ये ती मला म्हणाली, "मला हलका कॅन्सर झालाय." हलका कॅन्सर नावाचं काही नसतं हे मी तिला समजावून सांगितलं नाही.

तीन-चार महिन्यांत तिचे केस पांढरे झाले. गळाला एकही नाही, पण मुळापासून पांढरेशुभ्र, भुवयांसकट. ही त्या गोळीचीच करामत. गावातल्या बायकांना मात्र ते वयाचं वाटलं. गोळी सुरू होऊन सहाएक महिने झाले होते, तेव्हा एका लग्नात माझ्यादेखत एक लांबची आत्या तिला म्हणाली, "तुला कॅन्सर हाय म्हनतात, आन् तू तर माज्यापेक्षा चांगली दिसतंस." आई खूश झाली. पुढचे दोन दिवस तिने ते वाक्य येईल त्याला ऐकवलं.

आमच्याकडे एक नियम आहे. आपल्या नातेवाइकाचा फॉर्म आपण भरायचा नाही. हा नियम मी नव्या मुलींना शिकवते. तरी एप्रिलमधल्या एका शनिवारी आईचा फॉर्म पिशवीत घालून मीच गावी गेले. माझ्यासारखं खोदून तिला दुसरं कोण विचारणार, असं मला वाटलं.

आई पडवीत बसून वालाला मोड आले का ते फडकं उघडून बघत होती. मी समोर बसून सुरुवात केली.

"गेल्या महिन्यात घरातली कामं करायला मदत लागली का?"

"न्हाय."

"दुखण्यासाठी काही?"

"न्हाय."

"हातापायाच्या कातडीचा काही त्रास?"

"न्हाय गं बाय."

"जेवणाच्या चवीत फरक पडलाय?"

"तू रांधलंस का पडतो फरक."

मी हसले आणि 'नाही'वर खूण केली. पुढे प्रश्न होता भविष्याबद्दल भीती वाटते का असा. त्यावर ती म्हणाली, "हाय." मी मान वर केली.

"कसली भीती वाटते?"

"तू बिनलग्नाची म्हातारी व्हशील त्याची. लिव तसं."

तिथेही मी 'नाही'वर खूण केली. चौतीस प्रश्न वीस मिनिटांत संपले. एवढ्या वेळात ती एकदाही जागची उठली नव्हती. पाणीसुद्धा काकीने आणून दिलं. आणि तिच्या पायांत मोजे होते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, गार लागतं. कोकणात चैत्राच्या दुपारी गार लागतं म्हणणाऱ्या बाईचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि फॉर्मवर सही केली. वीस वर्षं लोकांशी बोलायचं काम करते मी. अनोळखी माणूस दारातून आत आला की तो काय लपवतोय याचा मला अंदाज येतो. आईच्या बाबतीत तो आला नाही. कदाचित मला तो यायला नको होता.

मे महिन्यात गावी गेले तर आळीत लोणच्याची गडबड होती. आमच्या आळीत लोणचं घालायचं म्हटलं की मीठ बघायला आईला बोलावतात. ती खार बोटावर घेऊन चाटते, दोन क्षण थांबते आणि सांगते, अजून दोन मुठी टाका, किंवा आता हात लावू नका. त्या वर्षी ती कोणाकडेच गेली नाही. पाय दुखतात म्हणाली. काकीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि कैऱ्या उचलून आत नेल्या. मी म्हटलं, वयोमानाने असेल, थोडं फिरत जा.

जूनमध्ये एकदा आणि जुलैमध्ये दोनदा, भर कामाच्या वेळी माझ्या फोनवर मेसेज आला. सहा आकडी ओटीपी, खाली 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.' कुठून आला ते मला समजेना. त्याच सुमाराला हॉस्पिटलात आम्हाला ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. मी तिन्ही मेसेज पुसून टाकले. तिसऱ्या वेळी तर गावाकडच्या एका अनोळखी नंबरावरून फोनही आला. तो मी उचलला नाही. सावध राहिल्याबद्दल स्वतःवर खूश झाले.

ऑगस्टमध्ये गावी गेले तेव्हा पावसामुळे आमची लाँच बंद होती, म्हणून एसटीने वडखळवरून गेले. स्टँडवर उतरले तर समोर रेशनचा दुकानदार. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता.

"काय ताई, फोन तरी उचलत जा," तो म्हणाला.

"कुठला फोन?"

"मी केलेला. तुमच्या आईचा आंगठा मशीनवर उठत न्हाय. मे महिन्यापासून. आधारला नंबर तुमचा हाय, म्हणून ओटीपी तुमच्याकडे येतो. मी म्हटलं तुम्हाला फोन करून आकडा विचारू. तर तुमच्या आई म्हणाल्या, राहू दे, ती कामात असंल. गेल्या महिन्यात त्यांच्यादेखतच लावला, तर तुम्ही उचलला न्हाय."

"आंगठा का उठत नाही?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही बघितला न्हाय?"

घरी गेल्या गेल्या मी आईचा हात हातात घेतला. बोटांची टोकं गुळगुळीत, लालसर झाली होती. कडेने कातडी सोलून निघत होती. आंगठ्यावर एक रेघ दिसत नव्हती. मग मी तिचे मोजे काढले. तिने पाय मागे घेतला, पण मी धरून ठेवला. टाचेला आणि चवड्याला जाड पिवळट कातडीचे थर आले होते आणि त्यांच्या कडेला फोड होते. त्या गोळीने असं होतं. आमच्या फॉर्ममध्ये त्यावर प्रश्न आहे, आणि त्यावरच तिने "न्हाय गं बाय" म्हटलं होतं.

"रेशनवर काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हनार. मी आंगठा ठेवला, मशीन न्हाय म्हनलं. धुऊन ठेवला, पुसून ठेवला, तरी न्हाय. मागं बायकांची लाइन. कोनीतरी म्हनलं, मशीनच्या हिशोबी काकू न्हायतच. सगळ्या हसल्या. मी पन हसले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुज्या कागदात आंगठ्याचं कुटं इचारलंस?"

ते खरं होतं. आंगठ्याचं आम्ही कुठे विचारलंच नव्हतं. घरात तांदूळ आमच्या शेतातलाच होता, धान्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. पण महिन्यातून एकदा त्या लाइनीत उभं राहून चार बायकांशी बोलायचं, तेही आता बंद झालं होतं.

मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. मला वाटलं, आता सगळं उघडं पडलंच आहे तर नीट सांगेल. पहिलाच प्रश्न वाचला आणि ती म्हणाली, "ठेव तो."

"का गं?"

"तू इचारतंस, मी सांगतंय, आन् तुजा चेहरा बदलतो. आता बदललाय बघ. मंग मीच तुला समजावत बसायचं." मग ती पुढे म्हणाली, "आन् त्यात लिवलंय, गरज भागली न्हाय. भागली न्हाय म्हनजे कोनी भागवली न्हाय? तुजी काकी रोज पानी भरते. तू दर पंधरा दिवसांनी येतंस. भागली न्हाय कशी लिवू मी?"

तो शब्द ठरवताना आम्ही चौघींनी एक अख्खी दुपार घालवली होती. 'गरज भागणे' हा किती साधा, घरगुती शब्दप्रयोग आहे म्हणून आम्ही एकमेकींचं कौतुक केलं होतं. या शब्दात आपल्या माणसांविरुद्ध तक्रार ऐकू येते, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सोमवारी मी आमच्या विभागातल्या ताईंकडे गेले. त्या विदर्भातल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आधी बरीच वर्षं वॉर्डात नर्स, आता पेशंटशी फोनवर बोलायचं काम करतात. मी त्यांना सगळं सांगितलं, नियम मोडल्याचंही. त्या रागावल्या नाहीत. "नंबर दे," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी दुपारी त्यांनी फोन लावला. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. दार लोटलेलं होतं, पण पहिलं वाक्य मला ऐकू आलं. "काकू, कसं वाटून राहिलं तुम्हाला?" मग ताई गप्प. बराच वेळ नुसतं "हो", "हो का", "मग?" मध्येच हसण्याचा आवाज. मला वाटलं दहा मिनिटांत आटपेल. मी कँटीनमध्ये जाऊन चहा घेऊन आले, तरी चालूच. एक तास उलटून गेल्यावर दार उघडलं. ताईंचा कान लाल झाला होता.

मी त्यांच्या मागोमाग आत गेले आणि हात पुढे केला. फॉर्म बघायला मिळेल असं मी गृहीत धरलं होतं. ताईंनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

"काकूंनी तीन गोष्टी तुला सांगायला सांगितल्या आहेत," त्या म्हणाल्या. "तेवढ्या सांगते."

पहिली गोष्ट पायांची. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकता येत नाहीत, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाते. लग्नकार्य असलं, किंवा मी येणार असले, की आधी तीन-चार दिवस गोळी घेत नाही. तेवढ्यात पाय जरा बरे होतात, मग चालता येतं. त्या आत्याने तिला चांगली दिसतेस म्हटलं होतं, ते अशाच दिवसांत.

ज्या गोळीसाठी मी दर पंधरा दिवसांनी "घेतलीस ना?" असं विचारत होते, ती मी येणार म्हणूनच बंद राहत होती.

"आणि हे तिने डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्रास होतो म्हटलं तर गोळी बंद करतील, अशी भीती वाटून राहिली होती त्यांना. मग दुसरं काहीच उरणार नाही, असं वाटलं."

दुसरी गोष्ट चवीची. तिला मीठ लागेनासं झालं होतं. समुद्राचं पाणी आणि विहिरीचं पाणी सारखंच लागेल, असं म्हणाली होती ती ताईंना. म्हणून ती लोणच्याला गेली नाही. चुकीचं मीठ सांगून कोणाची बरणी नासली तर, असं तिला वाटलं.

"आणि तिसरी तुझ्यासाठी," ताई म्हणाल्या. "घरी जाशील तेव्हा फॉर्म, बीपीचं मशीन, वजनकाटा, काही नेऊ नको. नुसती जा."

मी मान हलवली. मग विचारलं, "अजून काय म्हणाली? एक तास बोलत होती."

"चौथी एक गोष्ट आहे. ती तुला सांगू नका म्हणाल्या."

"ताई, मी मुलगी आहे तिची."

"म्हणूनच तर. तू माझ्या जागी असतीस तर सांगितलं असतंस?"

नसतं सांगितलं. तरी मी दोन दिवस ताईंशी धड बोलले नाही. खरं म्हणजे मला राग नव्हता आला, मत्सर वाटला होता. माझी आई एका अनोळखी बाईजवळ, जिची अर्धी भाषाही तिला कळत नव्हती, तासभर मोकळी झाली होती, आणि मी बाहेर बाकावर बसले होते. नंतर आईला ताईंबद्दल विचारलं तर म्हणाली, "लय चांगली बाई हाय. ती काय मला रोज बघायला येनार न्हाय ना, म्हनून बोलता आलं."

पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. या वेळी आईने मोजे काढले. डॉक्टर खाली वाकून बराच वेळ पाय बघत होते.

"गोळी चुकवत होतात?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत राहिले.

"व्हय," ती म्हणाली.

"हे आधी सांगितलं असतंत तर मी आधीच डोस कमी केला असता. थोडे दिवस थांबवू, पाय बरे होऊ देत, मग कमी ताकदीची सुरू करू. गोळी काढून घेत नाही मी तुमच्याकडून."

"कमी ताकदीची चालंल?"

"पूर्ण ताकदीची घेऊन मधेच बंद ठेवण्यापेक्षा चालेल."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "रागावला न्हाय गं." सगळ्या भेटीतलं तिला तेवढंच मोठं वाटलं होतं. नर्सने तिला दोन वेळा लावायचं मलम दिलं, गरम पाण्यात पाय घालू नका म्हणून सांगितलं, मऊ चप्पल घ्यायला सांगितली. त्या मऊ चपला तिला अजिबात आवडल्या नाहीत. म्हणाली, यांचा आवाजच येत न्हाय, आपन चालतोय का न्हाय कळत न्हाय. पण घातल्या.

आंगठ्याचं काम अलिबागला जाऊन केलं. आधारच्या केंद्रात बोटं उठली नाहीतच, पण डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं, आणि नंबरही तिचा स्वतःचा लावून घेतला. आता तिच्याच फोनवर आकडा येतो. तो तिला वाचता येतो, पण ती फोन दुकानदाराच्या हातात देते आणि त्याच्या आईची चौकशी करत उभी राहते.

ठरल्याप्रमाणे पुढच्या शनिवारी मी रिकाम्या हाताने गेले. फार अवघड गेलं. पहिला तासभर काय बोलावं ते सुचेना. इतकी वर्षं आमचं बोलणं म्हणजे माझे प्रश्न आणि तिची उत्तरं असंच होऊन बसलं होतं. शेवटी ती म्हणाली, "झोप जरा, डोळे बघ कसे झालेत." आणि मी पडवीतल्या चटईवर खरंच झोपले. संध्याकाळी उठले तेव्हा चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटत होतं. तिने पळीत थोडं घेऊन माझ्या पुढे धरलं.

"मीठ बघ."

"बरोबर आहे."

"नीट बघ. तुला पानीपुरीतलं मीठ कळतं, घरातलं न्हाय."

मी पुन्हा चाखलं. ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. मग माझं उत्तर न ऐकताच तिने चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा पळी पुढे केली, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता झालं." आणि झालं होतं. असं आम्ही अजून करतो. काकीलाही तिने तयार केलंय, पण काकीचा चेहरा कळत न्हाय म्हणते. काकी नेहमीच वैतागलेली दिसते.

फॉर्ममध्ये आम्ही बदल केले. 'गरज भागली नाही' काढून टाकलं. आता विचारतो, आधी करत होतात आणि आता जमत नाही असं काय काय आहे. आंगठ्याचा प्रश्न घातला, आणि तो घातल्यावर तसे कितीतरी निघाले. कोणाचा बँकेत उठत नव्हता, कोणाचा पेन्शनसाठी. घरचं माणूस शेजारी बसलेलं असताना विचारायचं नाही, हेही ठरलं. गोळी कधी चुकते का असं न विचारता कधी चुकवावीशी वाटते का, असं विचारतो. शेवटी अर्धं पान कोरं ठेवलंय. ते भरेल की नाही हे मात्र विचारणाऱ्यावर अवलंबून आहे, आणि त्याला आमच्याकडे अजून उपाय नाही. ताईंसारखं ऐकणं शिकवता येत नाही. निदान मला तरी ते शिकवता आलेलं नाही.

डोस कमी केल्यानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये ठिपके तेवढेच होते. कमी नाही, जास्त नाही. डॉक्टर समाधानी होते. आईने विचारलं, "म्हनजे तेही बसलेत आन् मीही बसलेय?" डॉक्टर म्हणाले, तसंच समजा.

जानेवारीत ती तपासणीला आली होती. मला दुसरं काम असल्याने मी तिला हॉलमध्ये बसवून वर गेले. तासाभराने माझ्या खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, दिघीच्या बाजूचा, मासेमारी करणारा. दोन्ही हात पँटच्या खिशात. माझ्याकडे त्याचा फॉर्म आधीच भरलेला होता, आमच्यातल्याच एकीने भरलेला. सगळीकडे 'नाही'.

"खाली एक म्हातारी बसलीय," तो म्हणाला. "पांढऱ्या केसांची. ती म्हनली, वर जाऊन सांगा."

"काय सांगा म्हणाली?"

त्याने हात बाहेर काढले. नखांच्या कडा सुजून पिकल्या होत्या. जाळ्याची गाठ मारता येत नव्हती. दोन महिने भाऊ एकटाच होडी घेऊन जात होता, आणि याने त्याला कंबर दुखते म्हणून सांगितलं होतं. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि ताईंना बोलावून आणलं. मी बाहेर गेले.

खाली आले तर आई हॉलमध्ये आता दुसऱ्याच एका बाईशेजारी बसली होती, आणि ती बाई पदराने डोळे पुसत हसत होती. मला बघून आईने हाताने थांब म्हणून खूण केली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पंधरा मिनिटांनी ती उठली.

"त्या बाईला काय सांगत होतीस?" मी विचारलं.

"मी कुटं काय सांगितलं? तीच सांगत व्हती."

गेटवेकडे टॅक्सीत बसल्यावर तिने मला किती वाजले ते विचारलं. दुपारची लाँच मिळाली तर उजेडात घरी पोचू, म्हणाली. शेतात वालाच्या शेंगा भरल्या होत्या, काकी एकटी पडली होती, आणि रात्री आळीतल्या पोरांनी पोपटी लावायची ठरवली होती. मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी घालून वरून भांबुर्ड्याचा वासाचा पाला लावायचा आणि मडकं जाळात भाजायचं असतं. पोरं पाला कमी घालतात, अशी तिची तक्रार होती. मी सुट्टी टाकली आणि तिच्याबरोबर गेले.